हरिबाच्या टेबलाचे पाय

आमच्या वाडीत सगळ्यात कमी बोलणारा माणूस हरिबा आणि सगळ्यात जास्त बोलणारा मी. म्हणूनच आमचं जमलं, असं घरची मंडळी म्हणतात. मी हनुमंत. शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत, पुढचं सगळं पारावर. हरिबा माझ्याच वर्गात, माझ्याच पोत्यावर बसायचा. मांडवगण फराट्याच्या खालच्या अंगाला भीमेच्या काठी आमची वाडी. नदी ओलांडली की दौंड तालुका. आता पूल आहे, तेव्हा उन्हाळ्यात उतार सापडला की माणसं चालतच पल्याड जायची.

हरिबाची गोष्ट सांगायची तर टेबलापासूनच सुरुवात करावी लागते. धनगराच्या घरात टेबल कशाला, असं तुम्ही विचाराल. सगळ्या वाडीनं तेच विचारलं होतं.

हरिबाचा बाप म्हाळू. त्याचा मेंढरांचा वाडा होता. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि माणसं मिळून जो फिरता संसार चालतो, त्याला वाडा म्हणायचं. घोडीच्या पाठीवर मावेल तेवढंच सामान. बसायला भुई, निजायला घोंगडी. घरात पाटसुद्धा नाही. अशा म्हाळूनं आमच्यात जमिनीचा तुकडा घेतला, खोपट घातलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात दौंडाहून येताना घोडीवर टेबल बांधून आणलं. उलटं. खाली घोडीचे चार पाय, वर टेबलाचे चार. नदीवर धुणं धुणाऱ्या बाया हसून हसून खडकावर बसल्या. त्यातली एक होती माझी आई. ती मरेपर्यंत पाहुण्यांना हे सांगत होती, आणि सांगताना पदर तोंडाला लावायची.

एवढ्यावर राहिलं असतं तर ती हसण्यावारी जाणारी गोष्ट होती. पण त्याच सुमाराला शाळेतलं टेबल गेलं.

झालं असं की सुट्टीत शाळेची कौलं उतरवली होती. सामान बाहेर लिंबाखाली पडलेलं. फळा राहिला, गुरुजींची खुर्ची राहिली, घंटासुद्धा राहिली. टेबल तेवढं गेलं. ते टेबल साधं नव्हतं, पाटलांनी स्वतःच्या घरातलं जुनं सागवानी टेबल शाळेला दिलेलं होतं. दर पंधरा ऑगस्टला पाटील त्याच्यावर हात ठेवून भाषण करायचे, आणि भाषणापेक्षा टेबलाकडंच जास्त बघायचे.

आमचं त्या टेबलाशी नातं वेगळं होतं. दुपारी गुरुजी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही कोपरं टेबलावर टेकायचे, हातावर गाल ठेवायचे आणि घोरायला लागायचे. टोपी काढून उलटी समोर ठेवलेली. मग आम्ही एकेकानं पुढं जायचं, टेबलाशी उभं राहायचं आणि पोटानं टेबल न हलवता टोपीत लिंबोळी टाकायची. हरिबाचा हात सगळ्यात हलका. एकदा त्यानं टोपी काठोकाठ भरली. गुरुजी उठले, टोपी डोक्यावर चढवली, आणि गावभर लिंबोळ्या सांडत घरी गेले. कुणी भरली हे कुणीही सांगितलं नाही. हरिबा तेव्हा हसायचा. तो हसायचा हे आज सांगूनही कुणाला पटत नाही.

तर टेबल गेलं, आणि म्हाळूच्या खोपटात टेबल आलं. म्हाळूला चावडीवर बोलावलं. तो म्हणाला, "दौंडच्या टेसनावरच्या बाबूनं दिलं. मोडीत काढल्यालं हुतं. म्या त्याला घोंगडं दिलं." बाबूचं नाव विचारलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. धनगराला बाबूचं नाव कशाला लागतंय? "काळा कोट घालायचा," एवढं सांगितलं. चावडी हसली.

मग पाटील स्वतः बघायला गेले, आणि बघतात तर टेबलाला पायच नाहीत. म्हाळूनं आणल्या दिवशीच पाय करवतीनं कापून टाकले होते. वीत-वीतभर खुंट ठेवलेले, वर बिरोबाचे टाक मांडलेले, भंडारा उधळलेला. का कापले, तर म्हाळूची आई म्हणाली होती, "देवाला दिवा लावाया म्या शिडी लावू व्हय रं?" ह्या माणसांचं सगळं भुईवर बसून. पूजा बसून, जेवण बसून, जन्मणं-मरणं भुईवरच. त्यांना ते पाय म्हणजे लाकडाची नासाडी वाटली. कापलेल्या पायांना खाली टोक काढून म्हाळूनं त्याच्या मेखा केल्या, मेंढरांभोवती वाघूर बांधायला. वाघूर म्हणजे जाळी. धनगराच्या हिशेबात ह्याच्याइतकं शहाणपणाचं काम नाही.

गावाच्या हिशेबात मात्र एकच अर्थ निघाला. ओळखू येऊ नये म्हणून पाय कापले.

देवाचं ठाणं झालेलं, म्हणून पाटलांनी हात लावला नाही. पोलीसही बोलावले नाहीत. "देवानंच बघून घ्यावं," असं म्हणून निघून गेले. त्यापेक्षा पोलीस बरे होते. त्यांनी एकदा चोर म्हटलं असतं किंवा नाही म्हटलं असतं.

शाळा उघडली तेव्हा गुरुजींनी हजेरी मांडीवर घेतली आणि हरिबाकडं बघून म्हणाले, "काय रं, तुझ्या घरी तरी नीट हाय का टेबल?" पोरं हसली. मीही हसलो असेन, मला आठवत नाही. चौथीनंतर हरिबा शाळेत आला नाही, आणि मला पोत्यावर हातपाय पसरायला जागा झाली.

पुढं हरिबाचं लग्न झालं, तानुबाईशी. पंगत बसली, पाट पाटलांच्या घरून मागून आणलेले. पाटलांची सून सोजरबाई, तेव्हा नवी नवी, तोंडाची फटकळ, वाढणाऱ्या बायांना मोठ्यानं म्हणाली, "पाट मोजून ठिवा गं, म्हाळूच्या घरचं आल्यात." सगळ्यांनी ऐकलं. म्हाळूनं मान खाली घालून जेवण संपवलं. हरिबा जेवला नाही. त्यानंतर तो बायकोला घेऊन पल्याड कासुर्डीला गेला आणि कैक वर्षं गुऱ्हाळावर राबला. बाप कधी भेटायला गेला तर चार शब्द बोलायचे, पाऊसपाण्याचे. टेबलाचा विषय निघायचा नाही. मी एकदा हरिबाला विचारलं, "तू बापाला सरळ इचारत का न्हाईस?"

"काय इचारू? चोरलं का म्हणून?"

"व्हय."

"आन् त्यो व्हय म्हणला तर?"

म्हाळू गेला तेव्हा हरिबा परत आला. घर, जमीन, देव आणि ते टेबल त्याच्या वाट्याला आलं. दिवा रोज तानुबाई लावायची. हरिबा लांबूनच हात जोडायचा.

हे सगळं मी एवढं लांबण लावून सांगितलं, कारण परवाच्या उन्हाळ्यात जे झालं ते त्याशिवाय कळायचं नाही.

हरिबाचा नातू विश्वजीत रांजणगावला कंपनीत आहे. हुशार पोरगा, पण मोबाईल डोळ्यापासून हलत नाही. घर पाडून नवं स्लॅबचं बांधायला काढलं, देवांना कडाप्प्याचं देवघर ठरलं, तेव्हा टेबल ओसरीत आलं. विश्वजीतनं मोबाईलवर कुठंतरी पाहिलं की इंग्रजांच्या काळातल्या टेबलाला लाखाची किंमत येते. लगेच त्यानं दौंडच्या पाशाभाईंना फोन केला. पाशाभाईंचा धंदा जुन्या लाकडाचा. रेल्वेच्या बंगल्यांतलं, पारशांच्या घरांतलं सामान घ्यायचं, नीट करायचं, पुण्याला पाठवायचं.

मला वाटलं होतं हरिबा भांडेल. तो म्हणाला, "यिऊ द्या." आणि मला घेऊन लिंबाखाली बसला.

"हणमा, ती पाशाभाई लाकडाचं वय सांगत्यात म्हणं."

"सांगत्यात की. तुझं-माझं सांगितलं न्हाई म्हंजी झालं."

तो हसला नाही. "आमचं टेबल रेल्वेचं निघालं, सायबाच्या टायमाचं, तर मग बाप खरं बोलत हुता. व्हय का न्हाई?"

मी व्हय म्हणालो. काय करणार? ऐंशी ओलांडलेला माणूस, डोळ्यांत ते तसलं पाणी.

पाशाभाई आले ते सकाळीच, टेम्पो घेऊन. पांढरी दाढी, खिशात टॉर्च. चहा घेतला आणि विश्वजीतला म्हणाले, "बेटा, उलटं कर."

"वरनं बघा की चाचा, वरनं लई भारी हाय."

"वरनं सगळेच भारी असतात. खालनं बघायचं असतं."

टेबल पालथं घातलं. भंडाऱ्याचा आणि तेलाचा थर इतका की हात पिवळा झाला. पाशाभाईंनी टॉर्च तिरकी धरली आणि खालच्या फळीवरून बोटं फिरवली. "हात लावा आबा. लाटा लागतात का? रंधा हातानं मारलाय. मशीनचं लाकूड काचेसारखं सपाट लागतं." हरिबानं हात लावला. किती वर्षांनी लावला असेल, देव जाणे. मग त्यांनी ड्रॉवर ओढून त्याचे कोपरे दाखवले. खाचा एकात एक बसवलेल्या, पण एकही दुसरीसारखी नाही, कुठं रुंद, कुठं चिंचोळी. स्क्रू काढून बघितला, त्याच्या डोक्यावरची फट मधोमध नव्हती. शेवटी पायाच्या एका खुंटाला दोरा गुंडाळला, मग काठीनं आडवं-उभं मापलं. "गोल दिसतोय ना? नाही. एका अंगानं दबलाय. लाकूड कातलं तेव्हा गोल होता. वाळत वाळत एकाच बाजूनं आकसतो. एवढा आकसायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही."

"म्हंजी कवाचं?" हरिबानं विचारलं.

"म्हंजी कितीचं?" विश्वजीतनं विचारलं.

पाशाभाईंनी आधी हरिबाकडं बघितलं. "शंभराच्या वर. इंग्रजांच्या वेळचंच. लाकूड ब्रह्मदेशचं वाटतं, पण शपथेवर नाही सांगणार."

हरिबा उभा होता तो खाली बसला. "हणमा, ऐकलंस का?" एवढंच म्हणाला.

ऐकलं होतं. पण माझी जीभ गप्प बसती तर मी हे कशाला लिहीत बसलो असतो? मला वाटलं आत्ता बोललं नाही तर उद्या दुसरं कुणी बोलेल. मी म्हणालो, "हरिबा, पाटलांचं बी जुनंच हुतं. त्यांच्या आज्ज्याच्या टायमाचं."

त्याच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला सांगता येणार नाही. तानुबाई आतून चहाचे कप न्यायला आली होती, ती तशीच उभी राहिली.

"भाई," हरिबा म्हणाला, "ह्ये रेल्वेचं का पाटलांचं, ह्ये कळंल का?"

पाशाभाईंनी मान हलवली. "वय सांगता येतं, आबा. मालक नाही सांगता येत. कुठं शिक्का असता तर... रेल्वेवाले पायाच्या आतल्या बाजूला, खालच्या टोकाशी मारतात कधी कधी. पण पायच नाहीत." मग विश्वजीतकडं वळून म्हणाले, "आणि बेटा, पाय नाहीत म्हणजे किंमतही नाही. पाय असते तर गोष्ट वेगळी. आता हे फळीच्या भावात जाईल. मी वजनानं घेत नाही, एवढंच."

विश्वजीतनं मोबाईल खिशात टाकला. "आज्जाला बी ना, काय सुचलं कापायचं," असं पुटपुटला.

"तुझ्या पणज्यानं कापलं त्ये," तानुबाई म्हणाली, "आन् पाय कुठं गेलं न्हाईत. हायत की गोठ्यात."

ती गेली आणि दोन मेखा घेऊन आली. चारांतल्या दोन सडून गेल्या होत्या, उरलेल्यांतल्या एका मेखेला भोपळ्याचा वेल चढवला होता, दुसरीला म्हशीचं दावं. चांगल्या दोन हात लांब, खालून अणकुचीदार, वरून हातोड्यानं ठेचून कडा तेवढ्या फुलासारख्या झालेल्या, मधली करवतीची खूण शाबूत. पाशाभाईंनी शिक्का शोधला. जिथं असता तिथंच म्हाळूनं टोक काढलं होतं. सगळं तासून टाकलेलं. बापानं स्वतःच्या हातानं स्वतःचा साक्षीदार सोलला होता.

हरिबा उठायला लागला. पाशाभाई मात्र कारागीर माणूस, त्यांना तुटलेलं जोडून बघितल्याशिवाय चैन नाही. त्यांनी टेबल सरळ केलं, विश्वजीतला एक बाजू उचलायला लावली आणि मेख खुंटाखाली धरली. करवतीची तिरकी धार तिरक्या धारेला लागली. रेषा रेषेला मिळाली. "अजून वर. अजून वर घे बेटा."

विश्वजीत उचलत गेला. टेबल त्याच्या कमरेला आलं, कमरेच्या वर गेलं, आणि जाऊन माझ्या छातीला लागलं. मेख तेव्हा कुठं टोकावर सरळ उभी राहिली.

"अरे," पाशाभाई म्हणाले, "हे बसून लिहायचं टेबलच नव्हे. हे उभ्याचं. पार्सल ऑफिसात बाबू उभं राहून लिहितात तसलं. आणि टोक काढताना गेलं ते आणखी वेगळं."

हरिबा माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं. आम्हा दोघांना एकाच वेळी ती टोपी दिसली, असं मला वाटतं.

"हणमा," तो हळूच म्हणाला, "गुरुजी कशावर झोपायचं?"

"खुर्चीत बसून. कोपरं टेबलावर."

"आन् आपून लिंबोळ्या कशा टाकायचो?"

"पोट टेबलाला लावून."

"ह्या टेबलाला पोट लागलं असतं व्हय आपलं?"

लागलं नसतं. चौथीतल्या पोराची हनुवटी लागली असती फार तर. आणि गुरुजींना ह्याच्यावर झोपायचं तर खुर्चीवर उभं राहून झोपावं लागलं असतं. मी हे बोलून दाखवलं, आणि तानुबाई हसली. तिच्या हसण्याबरोबरच हरिबा रडायला लागला. आवाज न करता. मेख दोन्ही हातांत धरून. विश्वजीतला काही कळेना, तो टेबल तसंच उचलून उभा. "ठेवू का खाली?" विचारत राहिला, बिचारा.

"इचारायला पायजे हुतं," हरिबा म्हणत होता. "एकदा इचारायला पायजे हुतं."

पाशाभाई म्हणाले, "पाय जोडून देतो. पैसे नको." हरिबानं मान हलवली. "त्यानं कापलं तसंच ऱ्हाऊ द्या. देव बसलाय." टेबल ओसरीतून आत गेलं. कडाप्पा विश्वजीतनं गुपचूप परत दिला.

इथं गोष्ट संपती तर मला बरं वाटलं असतं. पण संध्याकाळी हरिबा माझ्या दारात. टोपी घातलेली, धोतर धुतलेलं, हातात मेख.

"चल. सोजरवैनीकडं."

त्या वेळच्या माणसांत आता सोजरबाईच उरल्यात. पाटील गेले, गुरुजी गेले, चावडीवर हसणारे सगळे गेले. शाळेचं टेबल कुठं गेलं ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही, आणि विचारणाराही कुणी नाही. सोजरबाई अंगणात बाजेवर बसलेल्या, नजर अधू, कान मात्र चांगले. बाजूला एक शेरडू बांधलेलं.

हरिबा उभाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यापेक्षा जास्त बोलला. घोडी, टेबल, चावडी, पाय, पार्सलवाला बाबू, लिंबोळ्या, सगळं सांगितलं. मेख पुढं केली, उंची हातानं दाखवली. "म्हंजी वैनी, माझ्या बापानं चोरलं न्हाई. ह्ये तुमाला सांगाया आलो."

सोजरबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. बराच वेळ आठवून बघितलं, अगदी मनापासून.

"कसलं टेबल रं?"

"शाळंतलं. तुमच्या सासऱ्यांनी दिल्यालं. तुमी माझ्या लग्नात म्हणला हुता, पाट मोजून ठिवा."

"म्या?" त्या म्हणाल्या. "म्या कशाला म्हणू बाबा तसलं? तुझा बाप तर गरीब गाय हुता. बस, च्या घे."

हरिबा बसला. चहा आला, बशीत गार होत राहिला. वाडीनं ते कधीच विसरून टाकलं होतं. एकट्या हरिबानं ते जपून ठेवलं होतं, एवढी वर्षं, कुणी मागत नसताना.

निघताना सोजरबाईंनी चाचपडत मेखेवर हात फिरवला. "लाकूड लई बेस हाय गं बाई. ठिवून जा की, शेरडाला व्हईल."

हरिबानं मेख काखेत घेतली.

"न्हाई वैनी," तो म्हणाला. "ही आमची हाय."